१८२ वर्षांनी झालेलं बारसं

पावसाळ्याचे दिवस. रात्रीचे आठ वाजलेत. तुम्ही ट्यूबलाइटखाली बसून गृहपाठ करताय आणि तेवढ्यात वहीवर टपकन एक किडा पडतो. पहिल्यांदा वाटतं, मुंगीच आहे. पण मुंगी नव्हे. डोकं काळं, मग थोडं नारिंगी, मग निळसर-काळा पट्टा, पुन्हा नारिंगी आणि शेपटाचं टोक काळं. लांबी जेमतेम सात-आठ मिलिमीटर. धावता धावता विंचवासारखं शेपूट वर उचलतो. तुम्ही काय करणार? चिरडणार बोटाने?

थांबा! अजिबात चिरडू नका.

मी लहान असताना नेमकं तेच केलं होतं. मानेवर काहीतरी वळवळलं म्हणून रगडून टाकलं आणि विसरून गेलो. दुसऱ्या दिवशी मानेवर चटका बसल्यासारखा लांबट लाल पट्टा उठला, आग व्हायला लागली, बारीक फोड आले. घरात एकच गोंधळ! मावशी म्हणाली, "नागीण आहे, उतरवून आणा." पण ती नागीण नव्हती. हा किडा चावत नाही, त्याला नांगीही नाही. त्याच्या अंगातल्या रसात 'पेडेरिन' नावाचं जहाल विष असतं. किडा चिरडला की ते कातडीला लागतं आणि तास-दोन तासांत नव्हे, तर साधारण दिवसाभराने त्रास सुरू होतो. म्हणून किड्याची कुणाला आठवणच राहत नाही! (आई-बाबांसाठी सांगतो : किडा अंगावर बसला तर फुंकर मारून उडवावा किंवा कागदावर घेऊन बाहेर सोडावा. चुकून चिरडला गेलाच तर ती जागा लगेच साबणाने धुवावी, आणि तो हात डोळ्यांना लावू नये.) आणखी एक गंमत म्हणजे हे विष किडा स्वतः बनवतच नाही. मादीच्या शरीरात राहणारे जिवाणू ते बनवून देतात. आणि हाच किडा भाताच्या शेतात तुडतुडे खाऊन शेतकऱ्याचं काम हलकं करत असतो.

या किड्याचं नाव पेडेरस. आज मला सांगायचंय ते मात्र त्याच्या एका लांबच्या भावकीतल्या भुंगेऱ्याबद्दल. पेडेरस ज्या कुळातला, त्याच कुळातला तो. हे कुळ म्हणजे इंग्रजीत 'रोव्ह बीटल्स'. रोव्ह म्हणजे भटकणं. तेव्हा आपण त्यांना भटके भुंगेरे म्हणू.

भुंगेरा म्हटला की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? पाठीवर टणक कवच असलेला, गोल गरगरीत शेणकिडा. ते कवच म्हणजे त्याचे वरचे दोन पंख. ते कडक होतात आणि खालच्या नाजूक पंखांवर झाकण म्हणून बसतात. भटक्या भुंगेऱ्यांच्या बाबतीत हे झाकण फार तोकडं असतं. वाढत्या अंगाच्या मुलाने मागच्या वर्षीचा शर्ट घालावा, तसं! पोटाचा बराचसा भाग उघडाच. पण त्यामुळे त्यांचं शरीर लवचीक होतं. पालापाचोळ्यात, सालीखाली, शेणात, कुजक्या लाकडात, भूछत्रात, कुठेही ते घुसू शकतात. बहुतेक जण शिकारी. मग त्यांना उडता येत नाही की काय? छान येतं! त्या तोकड्या झाकणाखाली पूर्ण लांबीचे पंख घडी करून ठेवलेले असतात. जपानी संशोधकांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने ही घडी घालण्याची क्रिया टिपली आणि २०१४ मध्ये जाहीर केली. डाव्या आणि उजव्या पंखाची घडी एकसारखी नसते! छत्री मिटताना आपल्या नाकी नऊ येतात; हा पठ्ठ्या पोटाने ढकलून ढकलून क्षणात पंख आत सारतो.

आता एक आकडा ऐका. जगातल्या सगळ्या पक्ष्यांच्या जाती मिळून होतात साधारण अकरा हजार. आणि भटक्या भुंगेऱ्यांच्या? आतापर्यंत नावं दिलेल्याच साठ हजारांहून जास्त! सगळ्या प्राणिसृष्टीत एवढं मोठं कुळ दुसरं नाही असं मानतात. आणि नाव न मिळालेले किती असतील ते कुणालाच ठाऊक नाही. विशेषतः उष्ण प्रदेशातल्या जंगलांत.

नाव नाही म्हणजे काय, हे नीट समजून घ्यायला हवं. एखादा प्राणी जंगलात हजारो वर्षं सुखाने नांदत असतो. गावकऱ्यांनी तो पाहिलेलाही असतो. पण विज्ञानाच्या दप्तरात त्याची नोंद नसते. जोवर कुणीतरी त्याला बारकाईने पाहून, 'हा आधी माहीत असलेल्यांपैकी कुणीच नाही' असं सिद्ध करत नाही, त्याचं सविस्तर वर्णन छापत नाही आणि त्याला नाव देत नाही, तोवर तो विज्ञानाच्या लेखी नाहीच. मग तो संपला तरी कुणाला कळणार नाही. शाळेच्या हजेरीपटात ज्याचं नावच नाही, तो गैरहजर आहे हे बाईंना कसं कळणार?

तर गोष्ट अशी.

२७ डिसेंबर १८३१. इंग्लंडमधल्या प्लिमथ बंदरातून 'बीगल' नावाचं जहाज निघालं. कप्तान होता फिट्झरॉय, आणि जहाजावर होता बावीस वर्षांचा एक तरुण : चार्ल्स डार्विन. हो, तोच. पण उत्क्रांतीवरचं त्याचं ते प्रसिद्ध पुस्तक यायला अजून २७-२८ वर्षं होती. त्या वेळी तो होता फक्त एक किडेवेडा मुलगा. किती वेडा? केंब्रिजला शिकत असताना एकदा त्याने झाडाची साल सोलली. आत दोन दुर्मिळ भुंगेरे. एक या हातात, एक त्या हातात. तेवढ्यात दिसला तिसरा, नव्याच प्रकारचा! आता काय करावं? बहाद्दराने उजव्या हातातला भुंगेरा सरळ तोंडात टाकला! भुंगेऱ्याने जिभेवर असा काही जळजळीत रस सोडला, की डार्विनला तो थुंकून टाकावा लागला. तो गेला आणि तिसराही हातचा निसटला. ही हकिकत डार्विनने स्वतःच आत्मचरित्रात सांगितली आहे. (तुम्ही हा प्रयोग करू नका. पेडेरस आठवतोय ना?)

१८३२ च्या सप्टेंबरात बीगल दक्षिण अमेरिकेत, अर्जेंटिनाच्या किनाऱ्यावर बाहिया ब्लांका या ठिकाणी पोचलं. आज तिथे मोठं शहर आणि बंदर आहे. तेव्हा होती चार वर्षांपूर्वी बांधलेली एक गढी आणि भोवती नजर पोचेल तिथपर्यंत गवताळ माळ. जवळच पुंता आल्ता इथल्या कड्यांत डार्विनला हत्तीएवढ्या नामशेष प्राण्यांची हाडं सापडली. ती हाडं जगभर गाजली. पण त्याच मुक्कामात, कुठल्याशा दगडाखाली म्हणा, गवतात म्हणा, त्याने एक भटका भुंगेराही पकडला. इतर शेकडो किड्यांबरोबर तो डबीत गेला. डार्विन शिस्तीचा माणूस. प्रत्येक नमुन्याला क्रमांक आणि वहीत त्याची नोंद. ही सवय पुढे किती कामाला आली ते पाहाच.

१८३६ मध्ये जहाज परत आलं. डार्विनने आपले नमुने वेगवेगळ्या तज्ज्ञांना वाटून दिले. पक्षी एकाला, मासे दुसऱ्याला, हाडं तिसऱ्याला. किडेही असेच वाटले गेले. काहींना नावं मिळाली, काही तसेच राहिले. आपला भुंगेरा त्या राहिलेल्यांपैकी. पुढे तो लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये होता. पण तिथे किडे किती? तीन कोटींहून जास्त! खणांमागून खण, कपाटांमागून कपाटं. त्या गर्दीत कधीतरी हा एवढासा किडा हरवला. संग्रहालयाच्या लेखी तो कैक वर्षं बेपत्ता होता.

डार्विनने पुस्तक लिहिलं, जगभर खळबळ उडाली, १८८२ मध्ये तो वारला. दोन महायुद्धं झाली. माणूस चंद्रावर जाऊन आला. आणि हा भुंगेरा टाचणीवर बसून आहे, बिननावाचा!

आता दुसरं पात्र. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या चॅटनुगा इथल्या विद्यापीठात स्टायलियानोस खाट्झिमानोलिस नावाचे कीटकशास्त्रज्ञ आहेत. नाव ग्रीक आहे; मलाही दोनदा वाचावं लागलं. त्यांचा खास विषय म्हणजे भटक्या भुंगेऱ्यांची एक पोटशाखा. हिच्यातले बहुतेक सदस्य मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या उष्ण जंगलांत राहतात. पुष्कळ जण रंगीत, धातूसारखे चकाकणारे. कुणी शेणाभोवती, कुणी कुजक्या फळांवर आलेले किडे मटकावणारे, तर काही जण पानं कापणाऱ्या मुंग्यांच्या चक्क उकिरड्यावर राहणारे.

अशा शास्त्रज्ञाचं काम कसं चालतं? रोज जंगलात जाऊन जाळी फिरवायची, असं तुम्हाला वाटेल. तेही असतं. पण निम्मी शोधाशोध संग्रहालयांच्या कपाटांत होते. जगभरची संग्रहालयं एकमेकांना आणि अभ्यासकांना नमुने उसने देतात. वाचनालयातून पुस्तक न्यावं तसंच! नीट बांधून, पेटीत घालून, पोस्टाने. तशीच एक पेटी लंडनहून खाट्झिमानोलिस यांच्याकडे गेली. आत निरनिराळ्या ठिकाणांहून आलेले, नीट ओळख न पटलेले भुंगेरे.

टाचणीवरचा किडा कधी पाहिलाय? भुंगेऱ्याच्या उजव्या पाठ-पंखातून टाचणी जाते, डाव्या नाही. सगळीकडे हीच पद्धत, म्हणजे एक बाजू तरी शाबूत राहते. अगदीच लहान किडा असला तर टाचणीऐवजी कागदाच्या छोट्याशा तुकड्यावर चिकटवतात. आणि त्याच टाचणीवर, किड्याच्या खाली, कागदाच्या बारीक चिठ्ठ्या असतात. कुठे मिळाला, कधी मिळाला, कुणाला मिळाला. ही चिठ्ठी म्हणजे किड्याचा जन्मदाखलाच समजा. किडा सुंदर आहे पण चिठ्ठी नाही, तर शास्त्रज्ञ हळहळतो. किडा मोडका आहे पण चिठ्ठी आहे, तर तो त्याला जपून ठेवतो.

या पेटीतल्या एका किड्यापाशी खाट्झिमानोलिस थबकले. डोकं आणि छाती हिरव्या-निळ्या रंगाने झळाळणारी. पण चकाकणारे भुंगेरे त्यांना काही नवे नव्हते. थबकायला लावलं ते मिशांनी. भटक्या भुंगेऱ्याच्या मिशीला बहुधा अकरा पेरं असतात. साधारणपणे ती मण्यांच्या माळेसारखी ओवलेली दिसतात. इथे मात्र पेरं एका बाजूला टोकदार निघालेली, करवतीच्या दात्यांसारखी! या कुळात असं फार क्वचित दिसतं.

आणि चिठ्ठी? चिठ्ठी सांगत होती, बाहिया ब्लांका, आणि पकडणारा डार्विन.

कल्पना करा, तुम्ही रद्दीच्या दुकानातून जुनं पुस्तक आणलंय आणि आत शिवाजी महाराजांच्या काळातलं पत्र निघालंय. तसंच काहीसं.

पण आनंदाने उड्या मारून भागत नाही. 'नवीन जात' असं म्हणायचं तर पुरावा हवा, आणि इथेच खरं काम सुरू होतं. आधी पाहायचं, हा कुठल्या ज्ञात जातीशी जुळतो का? त्यासाठी त्या शाखेतल्या जातींची वर्णनं वाचायची. ती कुठे इंग्रजीत, कुठे जर्मनमध्ये, कुठे फ्रेंचमध्ये, शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या नियतकालिकांत. मग सूक्ष्मदर्शकाखाली एकेक अवयव तपासायचा. डोळे डोक्याच्या मानाने केवढे? जबड्याला दात किती? पायाच्या टोकाला पेरं किती? पाठीवरचे खळगे रांगेत आहेत की विखुरलेले? केस कुठे आहेत? जुने किडे पापडासारखे ठिसूळ असतात, जरा धक्का लागला की पाय गळून पडतो. म्हणून कित्येकदा त्यांना आधी ओलसर करून मऊ करावं लागतं. मोजमापं घ्यायची, चित्रं काढायची, फोटो काढायचे. आपल्या भातुकलीतल्या ओळख परेडसारखंच आहे हे, फक्त चेहऱ्याऐवजी मिशा आणि पायांची नखं पाहायची. यात महिने जातात. म्हणून तर संग्रहालयांत एवढी रांग लागलेली आहे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की नवी जात पहिल्यांदा पकडली जाते तेव्हापासून तिला नाव मिळेपर्यंत सरासरी २१ वर्षं जातात!

मला तर वाटतं, या कामाला धीटपणापेक्षा चिकाटी जास्त लागते. आपल्याकडचंच पाहा. ब्रिटिश आरमारातले डॉक्टर माल्कम कॅमेरॉन यांनी भारत आणि आसपासच्या प्रदेशांतल्या भटक्या भुंगेऱ्यांची वर्णनं लिहायला घेतली. त्यांचे चार खंड १९३० ते १९३९ या काळात निघाले. आजही आपल्याकडचा भटका भुंगेरा ओळखायला बसलेला अभ्यासक ते खंड उघडतो. आणि कॅमेरॉन यांचे नमुने पाहायचे असतील, तर त्याला लंडनच्या त्याच संग्रहालयाचं दार ठोठवावं लागतं.

असो. परत डार्विनच्या किड्याकडे. तपासणीत ठरलं, की हा नुसता नव्या जातीचा नाही. तो इतका वेगळा आहे, की त्याच्यासाठी प्रजातीही नवीनच करायला हवी. प्रजाती आणि जाती यांतला फरक ठाऊक आहे ना? शास्त्रीय नाव दोन शब्दांचं असतं. आंब्याचं नाव मँगिफेरा इंडिका. यातलं मँगिफेरा हे प्रजातीचं, म्हणजे आडनावासारखं. इंडिका हे जातीचं, पाळण्यातल्या नावासारखं. फक्त इथे आडनाव आधी लिहितात. लिनीअस या स्वीडिश शास्त्रज्ञाने अठराव्या शतकात ही रीत पक्की केली. तर आपल्या भुंगेऱ्याला त्याच्या भाऊबंदांपैकी कुणाचंच आडनाव चालेना. नवीन आडनाव ठेवावं लागलं.

ते कुणाचं असणार? अर्थातच डार्विनचं. डार्विनिलस!

आणि पाळण्यातलं नाव? इथे तुम्हाला हसू येईल. तासन्‌तास सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून किडे नीट लावण्याचं काम करताना खाट्झिमानोलिस कानाने पुस्तकं ऐकत. डेव्हिड सेडारिस नावाच्या अमेरिकन विनोदी लेखकाची, त्याने स्वतःच वाचलेली. तेवढ्याच सोबतीने कंटाळवाणं काम पार पडलं म्हणून त्यांनी भुंगेऱ्याला त्या लेखकाचं नाव दिलं. पूर्ण नाव झालं 'डार्विनिलस सेडारिसी'. शेवटचा 'ई' म्हणजे लॅटिनमधला षष्ठीचा प्रत्यय, 'सेडारिसचा' अशा अर्थाचा. स्वतःचं नाव मात्र कुणी स्वतःच्या किड्याला देत नाही. नियमात मनाई आहे असं नाही, पण ते फारच वाईट दिसतं!

वर्णन छापून आलं १२ फेब्रुवारी २०१४ रोजी. तारीख मुद्दाम निवडलेली. १२ फेब्रुवारी १८०९ ही डार्विनची जन्मतारीख. म्हणजे त्याच्या २०५ व्या वाढदिवशी त्याच्या किड्याचं बारसं झालं. पकडल्यापासून १८२ वर्षांनी. आपल्याकडे बारसं बाराव्या दिवशी करतात. इथे बाळाला जरा वाट पाहावी लागली!

आता तुम्ही विचाराल, मग हा भुंगेरा पाहायला अर्जेंटिनाला जायचं का?

तीच तर अडचण आहे. नाव देण्याआधी इतर संग्रहालयांतही शोध झाला. बर्लिनच्या संग्रहालयात आणखी एक नमुना निघाला. तो अर्जेंटिनातल्याच रिओ क्वार्तो या गावाजवळचा, बाहिया ब्लांकापासून सुमारे साडेसहाशे किलोमीटर उत्तरेला. आणि तो पकडलेला होता १९३५ च्या आधी. बस्स. २०१४ मध्ये बारसं झालं तेव्हा सगळ्या जगात मिळून हे दोनच डार्विनिलस ठाऊक होते. एक लंडनचा, एक बर्लिनचा. जिवंत डार्विनिलस ऐंशी वर्षांत कुणी पाहिल्याची नोंद नव्हती. तो खातो काय, अंडी कुठे घालतो, ते करवती दाते कशासाठी, काहीच कळलेलं नाही. दोन वाळलेल्या किड्यांवरून ते कळतही नाही.

डार्विनने पाहिलेला तो अफाट माळही आता तसा राहिलेला नाही. मधल्या काळात त्याचा फार मोठा भाग नांगराखाली गेला. गहू, मका, सोयाबीनची शेतं झाली. अशा ठिकाणी एखाद्या गवतातल्या भुंगेऱ्याचं काय झालं असेल? खाट्झिमानोलिस यांनाही तीच धास्ती वाटते. पण ते हेही म्हणतात, की तो अजून कुठेतरी तग धरून असावा. किडा केवढासा! एखाद्या ओढ्याकाठच्या न नांगरलेल्या तुकड्यात, कुंपणाच्या कडेला, कुणाच्या लक्षात न येता राहिलाही असेल.

फरक एवढाच, की आता त्याला शोधायला जाणाऱ्याला माहीत आहे, काय शोधायचं ते. डोकं आणि छाती हिरवी-निळी चकाकणारी, पंख तोकडे, मिशा करवतीसारख्या.

आणि हो, आज रात्री ट्यूबलाइटखाली तो नारिंगी-काळा पाहुणा आला, तर एका कागदावर लिहून ठेवा : तारीख, वेळ, गाव, कुठल्या खोलीत आला, त्या दिवशी पाऊस होता की नव्हता, आणि खाली तुमचं नाव. किड्याला मात्र खिडकीबाहेर सोडा. फुंकर मारूनच!